विश्लेषण : पडद्यावरची हालचाल कुणाच्या मालकीची?

किराणा दुकानात क्यूआर कोड स्कॅन करून पैसे पाठवले, की फोनवर एक छोटे वर्तुळ फिरू लागते. क्षणभराने ते थांबते, त्यात हिरवी बरोबरची खूण उमटते आणि गिऱ्हाईक फोन वळवून दुकानदाराला दाखवते. सगळा प्रकार दोन-तीन सेकंदांचा. पण वर्तुळ किती वेगाने फिरावे, खूण एकदम दिसावी की पेनाने ओढल्यासारखी हळूहळू उमटावी, शेवटी ती किंचित फुगून पुन्हा जागेवर यावी का, हे सगळे कुणीतरी बसून ठरवलेले असते. त्यासाठी डझनभर खर्डे काढून फेकून दिलेले असतात.

आता हीच हालचाल दुसऱ्या कंपनीने जशीच्या तशी उचलली तर? खुर्चीचा आकार, बाटलीचा घाट किंवा साडीच्या काठाची नक्षी उचलली तर काय करायचे, हे भारताचा डिझाइन कायदा सांगतो. पडद्यावर हलणाऱ्या नक्षीपाशी मात्र तो अडखळतो. या हलत्या नक्षीला संरक्षण हवे, पण ते अरुंद आणि थोड्या काळापुरते हवे, असे या लेखाचे म्हणणे आहे. सध्या आपल्याकडे नेमके उलटे आहे. आत जायला मिळेल की नाही याची खात्री नाही आणि मिळालेच तर थेट १५ वर्षांचा हक्क.

संरक्षण नेमके कशाला?

ॲपचा पडदा आपल्याला एकच दिसतो, पण कायद्याच्या नजरेने त्यात तीन गोष्टी एकावर एक बसलेल्या असतात. सर्वात खाली कोड. तो लिहिलेला मजकूर मानला जातो आणि त्याला कॉपीराइट मिळतो. कोड न चोरता तीच हालचाल नव्याने लिहून काढली, तर कोडचा कॉपीराइट काही कामाचा नाही. त्यावर क्रिया, म्हणजे बोट असे फिरवल्यावर तसे घडते, ही युक्ती. तिचे क्षेत्र पेटंटचे. भारतात नुसत्या संगणक प्रोग्रामला पेटंट मिळत नाही, हे पेटंट कायद्यातच लिहिलेले आहे. आणि सर्वात वर, डोळ्यांना दिसते ते रूप. ते डिझाइनचे क्षेत्र. अमेरिकेत यासाठी ‘डिझाइन पेटंट’ दिले जाते आणि तिथला कायदा वस्तूच्या नव्या, मूळ आणि शोभेच्या रचनेला संरक्षण देतो. शोभेच्या, हा शब्द महत्त्वाचा. कामाचे रूप नव्हे, सजावटीचे रूप.

ॲपलकडे या दोन्ही प्रकारची उदाहरणे आहेत. यादी सरकवत शेवटाला गेलो की ती थोडी पुढे ताणली जाते आणि रबर सोडल्यासारखी मागे येते, ते आठवा. दिसायला ही गंमत, पण यादी संपली हे ती वापरणाऱ्याला सांगते. म्हणजे ती काम करते. ॲपलने तिच्यासाठी साधे, युक्तीचे पेटंट घेतले आणि सॅमसंगविरुद्धच्या खटल्यात ते वापरले. दुसरे उदाहरण आहे पुस्तकाचे पान उलटण्याचे.

पान उलटण्याचे पेटंट

१३ नोव्हेंबर २०१२ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने ॲपलला डिझाइन पेटंट क्रमांक ६,७०,७१३ दिले. विषय होता हलत्या युजर इंटरफेससह पडदा. प्रत्यक्षात ते वाचनाच्या ॲपमधले पान उलटणे होते. कागदी पानाचा कोपरा उचलावा, पान वळावे आणि पलीकडे पडावे, तसे. दस्तऐवजात चित्रे तीन : पान उचलायला सुरुवात, अर्ध्यावर वळलेले पान आणि शेवट. इंटरनेटवर त्याची भरपूर टर उडवली गेली. ‘पान उलटण्यावर मालकी?’ असा सूर होता.

टर निम्मीच योग्य होती. पान उलटण्याच्या कल्पनेवर मालकी मिळालीच नव्हती. त्या तीन चित्रांत दिसणाऱ्या विशिष्ट वळणावर, सावलीवर मिळाली होती. दुसऱ्याने पान बाजूला सरकवले, विरघळवले किंवा वेगळ्या तऱ्हेने वळवले तर त्याला हात लावता येत नाही. पण टरीचा दुसरा निम्मा भाग खरा होता, आणि तो फारसा कुणी बोलले नाही. तीन स्थिर चित्रांत हालचाल मावते का?

अमेरिकी कार्यालयाची परीक्षकांसाठीची नियमावली याबाबत स्पष्ट आहे. पाहता पाहता रूप बदलणाऱ्या चित्राला डिझाइन पेटंट मिळू शकते, ते दोन किंवा अधिक चित्रांतून दाखवायचे आणि ती चित्रे क्रमाने पाहिली जातात असे समजायचे. मात्र एक चित्र दुसऱ्यात बदलण्याची प्रक्रिया किंवा त्यासाठी लागणारा वेळ यांना शोभेचा कोणताही अंश मानायचा नाही.

हे वाक्य ॲनिमेशन करणाऱ्या कुणालाही विचित्र वाटेल. त्याची सगळी मेहनत त्या ‘मधल्या’ भागातच असते. पान सुरुवातीला चटकन उचलले जाते, मध्ये रेंगाळते आणि शेवटी अलगद पडते, यातच गोडी. तेच पान एकसारख्या वेगाने फिरवा, ते पत्र्याचे वाटेल. तीनही चित्रे मात्र तीच राहतील. म्हणजे या व्यवस्थेत संरक्षण चित्रपटाला नाही, त्याच्या पोस्टरला मिळते. चित्रांची संख्या वाढवली तर हालचाल अधिक नेमकी पकडली जाते, पण हक्क तेवढाच अरुंद होतो. नक्कल करणारा एखाददुसरी चौकट बदलून निसटू शकतो. कमी चित्रे दिली तर हक्क रुंद, पण धूसर. चित्रे किती द्यायची हा वकिलाचा डाव होऊन बसतो.

नक्कल झाली की नाही हे ठरवण्याची कसोटीही स्थिर वस्तूंवर घडलेली आहे. १८७१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चांदीच्या चमच्या-काट्यांच्या मुठीवरील नक्षीचा खटला निकाली काढला. साधारण लक्ष देऊन खरेदी करणाऱ्या गिऱ्हाइकाला दोन नक्षी सारख्या वाटून तो फसला तर नक्कल झाली, असे ठरले. चमचा हातात धरून उलटसुलट पाहता येतो. अर्ध्या सेकंदात संपणारी हालचाल गिऱ्हाईक कशी पडताळणार? तरीही ही कसोटी मला टाकाऊ वाटत नाही. आपल्या ॲपमधली खूण जरा वेगळी उमटली की दुकानदाराला लगेच खटकते. बनावट पेमेंट ॲप वापरून दुकानदारांना गंडवणारे नेमकी हीच हालचाल हुबेहूब करतात, कारण नजर तिच्यावर विश्वास ठेवते. (ती फसवणूक फौजदारी गुन्हा आहे, तिथे डिझाइन कायद्याची गरजच नाही.)

फोन बंद केला तर डिझाइन कुठे जाते?

भारतातली अडचण याहून मूलभूत आहे. डिझाइन कायदा, २००० नुसार डिझाइन म्हणजे एखाद्या ‘वस्तू’ला औद्योगिक प्रक्रियेने दिलेला आकार, नक्षी, अलंकरण किंवा रेषा-रंगांची मांडणी, आणि तयार वस्तूत ती केवळ नजरेने जोखली जायला हवी. वस्तू या शब्दात वस्तूचा भागही येतो, पण तो वेगळा बनवून विकता येण्याजोगा असला पाहिजे. आता फोनवर फिरणारे वर्तुळ कोणत्या वस्तूला ‘लावलेले’ आहे? काचेला? ते तर काचेमागच्या लाखो बारीक ठिपक्यांच्या उजळण्या-विझण्यातून तयार होते.

आंतरराष्ट्रीय लोकार्नो वर्गीकरणात पडद्यावरील मांडणी आणि आयकॉन यांसाठी १४-०४ हा उपवर्ग आहे. भारताच्या डिझाइन नियमांतही तो आहे, आणि २०१९ मध्ये भारत लोकार्नो कराराचा सदस्यही झाला. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्यांच्या काही पडद्यांची नोंदणी आपल्याकडे झाली होती. मग २०१४ मध्ये ॲमेझॉनचा अर्ज नाकारला गेला. डिजिटल पुस्तक वाचताना पूरक माहिती दाखवणाऱ्या इंटरफेसचा तो अर्ज होता. कारणे साधारण अशी : पडदा सुरू असेल तेव्हाच हे रूप दिसते, ते वस्तूला कायमचे जडलेले नाही, ते वेगळे बनवून विकता येत नाही, आणि ते शोभेपेक्षा कामाचे आहे. एकीकडे खिडकी उघडून ठेवायची आणि दुसरीकडे खिडकीशी आलेल्याला ‘इथे असे काही मिळत नाही’ म्हणायचे, असा हा प्रकार झाला.

‘सुरू असेल तेव्हाच दिसते’ हा आक्षेप नवा नाही. अमेरिकेत तो कारंजाबाबत घेतला गेला होता. पाण्याच्या फवाऱ्यांनी तयार होणाऱ्या आकारासाठी एका अर्जदाराने डिझाइन पेटंट मागितले. पंप बंद केला की आकार गायब, मग ही वस्तू कशी, असे कार्यालयाचे म्हणणे. १९६७ मध्ये ‘इन रे हृबी’ या प्रकरणात अपिलीय न्यायालयाने ते खोडून काढले. रूप बाहेरच्या कशावर तरी अवलंबून आहे, म्हणून ते रूपच नाही असे म्हणता येत नाही. दिव्याच्या झुंबराचा प्रकाश वीज असेल तरच पडतो. आपल्याकडचे उदाहरण पैठणीचे घ्या. धूपछाव पैठणी हलली की रंग बदलते. सरळ धरली तर एक छटा, तिरकी धरली तर दुसरी. तिला नक्षी नाही असे येवल्यात जाऊन सांगून पाहावे.

भारतीय न्यायालयाला हे म्हणायला २०२३ उजाडावे लागले. २० मार्च २०२३ रोजी कलकत्ता उच्च न्यायालयाने यूएसटी ग्लोबल या कंपनीच्या अपिलावर निकाल दिला. कार्यालयाने नोंदणी नाकारण्याची दिलेली कारणे न्यायालयाला टिकणारी वाटली नाहीत. इंटरफेस हा प्रकार सरसकट डिझाइनच्या व्याख्येबाहेर ठेवता येणार नाही, असे सांगून अर्ज नव्याने तपासण्यासाठी परत पाठवला गेला. निकाल चांगला आहे, पण तो एका उच्च न्यायालयाचा आहे आणि स्थिर-हलते असा भेद त्यात मुख्य नव्हता. कायद्यातील ‘वस्तू’ची व्याख्या जशी होती तशीच आहे. अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर ती व्याख्या रोज असते, निकाल रोज असतोच असे नाही.

पन्नास प्रतींचा सापळा

‘नोंदणी नको, कॉपीराइट आहे ना,’ असे बरेच डिझाइनर म्हणतात. चित्र काढले की कॉपीराइट आपोआप मिळतो, अर्ज नाही, फी नाही, हे खरेच आहे. पण कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ मध्ये एक अट दडलेली आहे. एखादे डिझाइन नोंदणीयोग्य असूनही नोंदवले नसेल, तर त्याच्या मालकाने किंवा मालकाच्या परवानगीने ते लावलेल्या वस्तूच्या औद्योगिक प्रक्रियेने पन्नासहून अधिक प्रती निघाल्या की कॉपीराइट संपतो.

पन्नास! फुलदाण्या किंवा गालिचे बनवणाऱ्याला पन्नास या आकड्याला काही अर्थ होता. ॲपच्या जगात पन्नास डाउनलोड म्हणजे ऑफिसातल्या मंडळींनी आणि त्यांच्या घरच्यांनी करून पाहिलेले. डाउनलोड म्हणजे ‘औद्योगिक प्रक्रियेने निघालेली प्रत’ आहे का, हा वादाचा मुद्दा आहेच. पण पडदा म्हणजे वस्तू आणि सॉफ्टवेअरने त्यावर रूप उमटवणे म्हणजे औद्योगिक प्रक्रिया, असा युक्तिवाद नोंदणीसाठी मान्य केला, तर तोच युक्तिवाद प्रतिपक्ष कॉपीराइट संपल्याचे दाखवायला वापरणार.

म्हणजे पुण्यातल्या पाच जणांच्या स्टुडिओने बनवलेले ॲनिमेशन कुणी उचलले, तर प्रतिवादी दोन्ही टोकांनी लढू शकतो. नोंदणी असेल तर म्हणायचे, ‘हे डिझाइनच नाही, नोंदणी रद्द करा.’ नोंदणी नसेल तर म्हणायचे, ‘हे नोंदणीयोग्य होते, तुम्ही नोंदवले नाही, कॉपीराइट गेला.’ मोठ्या कंपनीला अशी लढाई परवडते. स्टुडिओ पहिल्या तारखेनंतरच थकतो. १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स या खटल्यात कलम १५ कसे वाचायचे याची दोन पायऱ्यांची कसोटी घालून दिली : कृती मुळात निव्वळ कलाकृती आहे की औद्योगिक वापरातून आलेले डिझाइन, आणि तिचा मुख्य भाग उपयोगाचा आहे का. तो वाद यंत्रांच्या आराखड्यांचा होता. पडद्यावरच्या हलत्या रूपाला ही कसोटी लावणे अजून व्हायचे आहे.

आणि समजा नोंदणी झाली, खटलाही जिंकला, तर काय मिळते? डिझाइन कायद्यात प्रत्येक उल्लंघनासाठी कमाल २५ हजार रुपये आणि एका डिझाइनसाठी एकूण कमाल ५० हजार रुपये. त्याऐवजी नुकसानभरपाईचा दावा आणि मनाईहुकूम मागता येतो, पण नुकसान सिद्ध करावे लागते. एका बिरबिरत्या वर्तुळामुळे किती ग्राहक आले, हे कसे सिद्ध करणार?

इतर देशांनी वस्तूचा हट्ट सोडला

जपानने २०१९ मध्ये कायदा बदलला आणि १ एप्रिल २०२० पासून वस्तूशी न जोडलेल्या पडद्यावरील प्रतिमेलाही संरक्षण दिले. दक्षिण कोरिया २०२१ मध्ये त्याच वाटेने गेला. युरोपीय महासंघाची १ मे २०२५ पासून लागू झालेली नवी व्याख्या सर्वात सरळ आहे. उत्पादन भौतिक असो वा नसो, युजर इंटरफेस त्यात येतो, आणि रूपाच्या वैशिष्ट्यांत हालचाल, एका अवस्थेतून दुसरीत जाणे आणि इतर कोणतेही ॲनिमेशन धरले जाते. अमेरिकी नियमावली जो ‘मधला’ भाग सोडून देते, तो युरोपने नाव घेऊन आत घेतला.

वस्तूचा हट्ट धरल्याने काय होते, ते चीनमध्ये दिसले. किहू ३६० या कंपनीकडे ‘युजर इंटरफेससह संगणक’ असे डिझाइन पेटंट होते. दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरचा इंटरफेस तसाच दिसतो म्हणून तिने दावा लावला. २०१७ मध्ये बीजिंगच्या बौद्धिक संपदा न्यायालयाने तो फेटाळला. प्रतिवादी सॉफ्टवेअर देतो, संगणक विकत नाही. आणि हक्क तर संगणकाच्या डिझाइनवर आहे. तर्क बिनचूक, निकाल निरर्थक. संगणक आणि इंटरफेस एकच कंपनी विकते, असा काळ कधीच मागे पडला आहे.

भारतानेही नोव्हेंबर २०२४ मध्ये रियाध डिझाइन कायदा कराराच्या अंतिम मसुद्यावर सही केली आहे. पण तो करार मुख्यतः अर्जाच्या कार्यपद्धतीचा आहे, आणि अंतिम मसुद्यावर सही म्हणजे करारात सामील होणे नव्हे. वस्तूची व्याख्या बदलायची तर ती संसदेलाच बदलावी लागेल.

कुंपण किती मोठे?

इथे दुसरी बाजू ऐकली पाहिजे, कारण ती हलकी नाही. एखादा नवा फोन हातात घेतल्यावर आपल्याला तो वापरता येतो, तो सगळे फोन थोडेफार सारखे वागतात म्हणून. पडदा खाली ओढला की मजकूर ताजा होतो, ही लकब लॉरेन ब्रिक्टर या प्रोग्रामरने ‘ट्वीटी’ या ॲपसाठी आणली. ट्विटरकडे तिचे पेटंट गेले, पण संशोधकाच्या संमतीशिवाय पेटंट आक्रमणासाठी वापरणार नाही, असे धोरण कंपनीने २०१२ मध्ये जाहीर केले होते. ती लकब आज असंख्य ॲपमध्ये आहे. उलट टिंडरच्या मालक कंपनीने २०१८ मध्ये बम्बलला कोर्टात खेचले, त्यात डावी-उजवीकडे सरकवण्याच्या रीतीवरील पेटंटही होते. २०२० मध्ये तडजोड झाली. उद्या प्रत्येक सरकवण्यावर, ओढण्यावर पहारेकरी बसला, तर साठीच्या आजीला प्रत्येक बँकेच्या ॲपसाठी नवी लिपी शिकावी लागेल.

पैशांचा आकडाही घाबरवणारा असू शकतो. ॲपल-सॅमसंग खटल्यात २०१२ च्या पहिल्या निकालात १०५ कोटी डॉलरची भरपाई ठरली होती. अपिले होत होत २०१८ मध्ये ज्युरीने सुमारे ५४ कोटी डॉलर ठरवले. त्यातला जवळपास सगळा भाग तीन डिझाइन पेटंटसाठी होता, आणि त्या तिघांपैकी एक आयकॉनच्या रंगीत जाळीचे होते. अमेरिकी कायद्यात डिझाइनच्या नकलेसाठी ‘संपूर्ण नफा’ मागता येतो. पण नफा कशाचा? सबंध फोनचा की त्याच्या एका भागाचा? २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एवढेच सांगितले, की वस्तू म्हणजे फोनचा एखादा भागही असू शकतो.

म्हणून कुंपण लहान हवे. ओढणे, सरकवणे, चिमटीने मोठे करणे या लकबी सगळ्यांच्या. त्या लकबीला उत्तर म्हणून पडदा कसा नाचतो, तेवढे डिझाइनरचे. आपल्या कायद्यात याची सोय आधीच आहे : केवळ यांत्रिक युक्ती असलेली गोष्ट डिझाइन मानत नाहीत. मुदतीचे मात्र काहीतरी करावे लागेल. भारतात नोंदणी दहा वर्षांची आणि पुढे पाच वर्षे वाढवता येते. पंधरा वर्षांपूर्वीचे कोणते ॲप आज तसेच दिसते? खुद्द ॲपलने २०२२ मध्ये पान उलटण्याची ती हालचाल वाचनाच्या ॲपमधून काढून टाकली होती. वाचक नाराज झाले आणि २०२३ च्या मार्चमध्ये ती पर्याय म्हणून परत आणावी लागली, हा भाग वेगळा. युरोपात नोंदणी न करताही हुबेहूब नकलेविरुद्ध तीन वर्षांचा हक्क मिळतो. पडद्यावरच्या हालचालींसाठी भारताने तेवढे जरी दिले, तरी पन्नास प्रतींचा सापळा निकामी होईल आणि लहान स्टुडिओला अर्ज न करताही उभे राहता येईल.

तोवर ॲप बनवणाऱ्यांनी काय करावे?

कायदा बदलेपर्यंत एक गोष्ट आपल्या हातात आहे, ती म्हणजे क्रम. भारतात डिझाइन नवे असावे लागते, आणि अर्जाआधी ते जगात कुठेही प्रसिद्ध झाले असेल तर नवेपणा संपतो. अमेरिका आणि युरोपात स्वतःच प्रसिद्ध केल्यावरही वर्षभराची सवलत असते. आपल्याकडे सरकारने अधिसूचित केलेली प्रदर्शने सोडली तर अशी सवलत नाही. पोर्टफोलिओ संकेतस्थळावर हौसेने टाकलेला दहा सेकंदांचा व्हिडीओ त्यामुळे महाग पडू शकतो. अर्ज कोलकात्याच्या डिझाइन कार्यालयाकडे ऑनलाइन करता येतो. व्यक्ती, नवउद्यम आणि लहान उद्योगांसाठी मूळ शुल्क एक हजार रुपये, इतरांसाठी चार हजार. अर्जात हालचालीच्या मोजक्या चौकटी क्रमाने लावाव्या लागतात. सुरुवात आणि शेवट बहुतेक जण देतात. वर्तुळ तुटून खूण व्हायला लागते ती मधली चौकट द्यायची राहून जाते, आणि नक्कल ओळखू येते ती तिथेच.